वाचक विचारतात : आत्ना भाषेतले धातू आणि आपला 'या'

गेल्या अंकात अलास्कातल्या आत्ना भाषेवर एक छोटं टिपण होतं. त्यात मुख्यतः एवढंच म्हटलं होतं की ह्या भाषेत वाक्याचा सगळा भार क्रियापदावर असतो आणि क्रियापदाचा अर्थ शेवटच्या एका छोट्याशा अवयवात, म्हणजे धातूत दडलेला असतो. एवढ्यावरच इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छाटलेत, राग नसावा.

प्रश्न : आत्ना नक्की कुठे बोलतात? एस्किमोंचीच भाषा का ही?

नाही हो, एस्किमोंशी काहीच संबंध नाही. अलास्काच्या दक्षिण-मध्य भागात कॉपर नदी आहे, साधारण 470 किलोमीटर लांब, ती खाली कॉर्डोव्हा गावाजवळ अलास्काच्या आखाताला मिळते. ह्या नदीच्या खोऱ्यातले लोक ते आत्ना, आणि नदीचं त्यांच्या भाषेतलं नावच 'आत्ना', शेवटी घसा क्षणभर बंद करून तोडायचं. चिटिना, गुल्काना, गाकोना, टाझलिना, चिस्टोचिना, मेंटास्टा ही त्यांची गावं. भाषेचं कुळ अथाबास्कन, हल्ली डेने असंही म्हणतात, आणि ह्या कुळाचा पसारा असला जबरदस्त आहे की अलास्का, पश्चिम कॅनडा, मग मधेच कॅलिफोर्नियात हूपा, आणि पार खाली अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोत नाव्हाहो आणि अपाची. पुढच्या उत्तरांत नाव्हाहो सारखी सारखी येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

प्रश्न : टिपणात लिहिलं होतं की आत्नात चालत जाण्याचा धातू 'या' आहे. संस्कृतमधेही 'या' म्हणजे जाणे! याति, यात्रा, यान. मराठीत आपण 'या या' म्हणतो. मग हे लोक मुळात इकडूनच गेले असतील का? की भाषा इकडून गेली?

हा प्रश्न एकाचा नाही, निम्म्या पत्रांत हेच आहे! आणि खरं सांगू का, मला हे येणार माहीत होतं. तुम्हाला अजून एक देतो, म्हणजे अंगावर काटाच येईल. आत्नात ह्याच धातूचं भविष्यकाळात जे रूप वापरतात ते 'याल्'. आणि आपण पाहुण्यांना काय विचारतो, 'उद्या याल ना?' घ्या.

आता हे सगळं योगायोग आहे असं मी म्हणणार आणि तुम्ही म्हणणार की ह्यांना सगळं योगायोगच दिसतं. म्हणून जरा नीट उलगडून बघू, कारण धातूचं मूळ शोधायचं म्हणजे काय करायचं हे ह्याच उदाहरणात छान कळतं.

आधी आपली बाजू. संस्कृत 'या' चा आपल्याकडे 'जा' झाला, शब्दाच्या सुरुवातीचा य आपल्याकडे ज होतो हे ठरलेलंच आहे, यव चे जव, यंत्र चं जातं, यमल चं जावळं (म्हणजे जुळं). म्हणजे संस्कृत 'या' चा मराठीतला सरळ वारस 'जाणे' आहे. 'या बसा' मधला 'या' म्हणजे येणे, तो आधी 'आ' लागून आलेल्या रूपातून आलाय, उलट्या दिशेचा आहे. ह्या धातूची युरोपातली भावंडंही माहीत आहेत, लिथुआनियन भाषेत 'योती' म्हणजे घोड्यावरून जाणे. आणि भविष्याचा ल? तो संस्कृतात नाहीच. संस्कृतात यास्यति, यास्यसि. आपला 'याल, कराल, बसाल' मधला ल खूप नंतर मराठीत तयार झालाय. म्हणजे 'याल' ह्या आख्ख्या आकाराला आपल्याकडेच फार जुना इतिहास नाही, मग तो समुद्रापलीकडे नेणार कोण आणि कधी?

आता त्यांची बाजू, आणि ही जास्त मजेशीर आहे. आत्नातला 'या' एकटा घेऊन चालत नाही, त्याची सख्खी भावंडं शेजारच्या भाषांत बघायची. 'तो पोचला' ह्या अर्थाच्या क्रियापदात आत्नात शेवटी 'या', उत्तरेला कोयुकॉन भाषेत 'यो', पश्चिमेला डेनाइना भाषेत 'यु', आणि दूर दक्षिणेला नाव्हाहोत परत 'या', म्हणजे 'नीया', तो आला. आता म्हणाल की या, यो, यु, हे तर काहीही चाललंय. थांबा. गोटा, चेंडू असल्या गोलसर वस्तू उचलण्याहाताळण्याचा एक धातू आहे, तो आत्नात 'आन', कोयुकॉनमधे 'ओन', नाव्हाहोत नाकातला 'आँ'. हात ह्या शब्दाला आत्नात 'ला', कोयुकॉनमधे 'लो', नाव्हाहोत 'ला'. दिसलं का? जिथे आत्नात लांब आ तिथे कोयुकॉनमधे ओ, दरवेळी, न चुकता. हे असं न चुकता होणं हाच पुरावा. आपल्याकडे हिंदीत हाथ तर मराठीत हात, हिंदीत भूख तर मराठीत भूक, हिंदीत सीखना तर आपलं शिकणं, हिंदीतला शेवटचा ख-थ आपल्याकडे क-त होतो, तसंच अगदी. दोन शब्द एकसारखे ऐकू येणं ह्याला काडीची किंमत नाही, उलट वेगळे ऐकू येणारे शब्द एकाच नियमाने वेगळे असतील तर ते खरे नातेवाईक.

आणि मग 'याल्' मधला तो ल्. तो साधा ल नाहीच, त्याच्या उच्चाराबद्दल शेवटी एक प्रश्न आहे तिथे सांगतो. हा ल् आत्नात फक्त ह्या एका धातूला लागत नाही, पुष्कळ धातूंच्या चालू असलेल्या क्रियेच्या आणि भविष्याच्या रूपांत शेवटी तोच दिसतो. कोयुकॉनमधे ह्याच जागी 'होल्', नाव्हाहोत 'गाल्'. म्हणजे कधीकाळी तो वेगळा प्रत्यय होता, 'क्रिया चाललीये' असं सांगणारा, आणि नंतर धातूला इतका चिकटला की आता सुटत नाही. आणि नाव्हाहोतला तो ग बघा, ह्याच क्रियापदाच्या आणखी एका रूपात तिथे घ सारखा घासलेला आवाज येतो. म्हणजे धातूच्या सुरुवातीचा जो 'य' पाहून आपण खूश झालो होतो तो सुद्धा त्याच्या अनेक चेहऱ्यांपैकी एक चेहरा आहे. सुरुवात जुळत नाही, शेवट जुळत नाही, राहिला मधला एक आ. एका आ वर आख्ख्या जमातीचं स्थलांतर नको ठरवायला.

प्रश्न : एका धातूची इतकी रूपं असतील तर शब्दकोशात शब्द शोधायचा कसा? क्रियापद कुठल्या अक्षराखाली असतं?

फार व्यवहारी प्रश्न, आवडला. आत्नाचा मोठा शब्दकोश जेम्स कारी ह्यांनी केला, 1990 मधे अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स इथल्या अलास्का नेटिव्ह लँग्वेज सेंटरने छापला. त्यात क्रियापदं धातूखाली लावलेली आहेत. आणि इथेच नवशिक्याची गंमत होते कारण आत्नातलं क्रियापद म्हणजे इंजिन सगळ्यात मागे लावलेली आगगाडी. पुढे डबेच डबे, दिशेचा, कर्माचा, पुन्हा पुन्हा केल्याचा, काळाचा, कर्त्याचा, आणि धातू शेवटी. पुस्तक उघडून शब्दाच्या पहिल्या अक्षराने शोधायला जाल तर दिवसभर बसाल, कारण ते पहिलं अक्षर फक्त 'परत' किंवा 'वर' असलं काहीतरी सांगणारं असतं. आधी शब्द मागून सोलायचा.

संस्कृत शिकलेल्यांना हे नवीन नाही. एकाच हृ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, पुढचा उपसर्ग बदलला की जेवणाची मारामारी होते. फरक एवढाच की आपल्याकडे उपसर्ग मोजके, एकदोन लागतात आणि कर्ता-काळ शेवटी येतात. तिथे सगळं पुढेच, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली, कोणी रांग मोडायची नाही.

अजून एक. काही धातू एकटे कधी येतच नाहीत, ठराविक उपसर्ग सोबत असेल तरच अर्थ होतो. संस्कृत व्याकरणातही 'अभ्यास करणे' ह्या अर्थाचा इ धातू कायम अधि घेऊनच येतो, अधीते, अध्ययन, त्याला सुट्टा कोणी पाहिलेला नाही. कारींनी म्हणून कोशात नुसता धातू देऊन सोडलं नाही, त्याखाली त्या धातूचे ठरलेले जोडीदार घालून एकेक गठ्ठा दिला, त्याला ते थीम म्हणतात. आणि ह्या थीमचे प्रकारही पाडले, हालचालीचे, एका फटक्यात होणाऱ्या क्रियेचे, नुसतं पडून असण्याचे, आकारमान सांगणारे, वगैरे. 1979 मधे त्यांनी ह्या वर्गवारीवर आत्नाचंच उदाहरण घेऊन स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. त्याच वर्षी त्याच संस्थेतून जेफ लीअर ह्यांचं मूळ अथाबास्कन धातू कसे बदलतात ह्यावरचं काम आलं, मघाशी सांगितलेला चिकटलेला ल् वगैरे सगळी शोधाशोध ह्याच वाटेने झालीय.

वर्गवारीचा फायदा असा की धातू कुठल्या वर्गात आहे हे कळलं की त्याची कुठली रूपं होणार हे बरंचसं आधीच सांगता येतं. कुऱ्हाडीने घाव घालण्याचा धातू घ्या. एकच घाव घातला तर एक रूप, घावांमागून घाव घालत राहिला तर दुसरं. आपण मराठीत त्यासाठी शेजारी दुसरं क्रियापद उभं करतो, मारलं, मारत सुटला, मारून ठेवलं. आत्ना ते काम धातूचा स्वर लांब-आखूड करून, शेवटचं व्यंजन बदलून आणि पुढचे डबे बदलून करते.

प्रश्न : एक माणूस गेला आणि दोन माणसं गेली ह्यासाठी वेगळे धातू आहेत हे खरं का? की टायपो होता?

टायपो नव्हता ताई. मघाचा 'या' एकट्या माणसासाठी. दोघं चालत गेले तर वेगळा धातू, तीन किंवा जास्त गेले तर आणखी तिसराच. संस्कृतात द्विवचन आहे पण तिथे धातू तोच राहतो, गच्छति, गच्छतः, गच्छन्ति. इथे धातूच बदलतो. आणि हे फक्त पायी जाण्याचं झालं. होडीने गेला की वेगळा धातू, पोहत गेला, पळत गेला, रांगत गेला, सगळे वेगळे. नुसतं 'तो गेला' म्हणायची सोयच नाही, कसा गेला आणि किती जण होते हे धातूच बोलून टाकतो.

प्रश्न : 'देणे' 'ठेवणे' ह्यांचंही तसंच आहे असं वाचलं. थोडं समजावून सांगाल का?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे थोडं लांबेल.

वस्तू हाताळण्याच्या क्रिया, म्हणजे देणे, घेणे, उचलणे, आणणे, खाली ठेवणे, ह्यांना आत्नात वेगवेगळे धातू नाहीत. धातू ठरतो तो वस्तू कशी आहे ह्यावरून. गोलसर भरीव वस्तू असेल तर मघाचा 'आन'. काठीसारखी लांब ताठ असेल तर दुसरा. कापडासारखी लवचिक असेल तर तिसरा. उघड्या भांड्यात काहीतरी भरलेलं असेल तर चौथा. जिवंत प्राणी किंवा माणूस असेल तर आणखी एक. दोरी किंवा एकापेक्षा जास्त वस्तूंचा ढीग, त्याला वेगळा. चिखलासारखं लिबलिबीत, हातातून निसटणारं असेल तर त्याला पण स्वतःचा धातू आहे! आणि मग देणं का घेणं का ठेवणं हे पुढचे उपसर्ग सांगतात.

म्हणजे काय होतं बघा. कपभर चहा मागितला तर भरलेल्या भांड्याचा धातू येणार, आणि चहापत्तीची पिशवी मागितली तर तो येणार नाही, दुसरा येणार. 'चहा' हा शब्द वाक्यात नसला तरी ऐकणारा कप आणायचा का पिशवी हे समजून जातो. नाम गाळलं तरी चालतं कारण नामाचा आकार धातूत बसलाय.

त्याहून भारी म्हणजे हेच धातू 'तिथे आहे' असं म्हणायलाही वापरतात. काठी तिथे पडलीये, घोंगडी तिथे पडलीये, दगड तिथे आहे, सगळ्यांना आपापला धातू. त्यामुळे आकाराच्या धातूंमधे आख्खा भूगोल सामावतो, डोंगर कसा बसलाय, तळं कसं पसरलंय, हे सांगताना घरातल्या वस्तूंचेच धातू कामाला येतात.

आणि ह्या धातूंचं मूळ? हे अतिशय जुने आहेत, कारण हीच वाटणी थोड्याफार फरकाने नाव्हाहोपर्यंत सगळीकडे सापडते, नुसती कल्पना नाही तर तेच धातू, नियमाने बदललेले. दोन भाषांनी एकमेकींकडून असा आख्खा संच उसना घेतला असेल हे कोणीच मानत नाही. म्हणजे कुळ फुटायच्या आधीपासून हे असंच चाललंय.

प्रश्न : टाझलिना, गुल्काना, चिटिना... सगळ्याच्या शेवटी 'ना' का?

ना म्हणजे नदी. चिटिना म्हणजे 'त्सेदी' अधिक 'ना', त्सेदी म्हणजे तांबं, तांब्याची नदी. तिथे तांबं होतंच आणि आत्ना लोक ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आणि व्यापारात देत होते. पुढे 1900 मधे जवळच्या डोंगरात केनेकॉटचा मोठा साठा बाहेरच्या लोकांना 'सापडला', खाणी चालल्या आणि 1938 मधे बंदही झाल्या. गाकोना सशाची नदी. हे झालं नामांचं.

पण तुम्ही धातू शोधत असाल तर टाझलिना बघा. मूळ नाव 'तेझ्द्लेन ना', जोरात वाहणाऱ्या पाण्याची नदी. पहिला तुकडा हे नाम नाहीये, चांगलं तयार क्रियापद आहे आणि त्याच्या शेवटी धातू 'लेन', पाण्याचा प्रवाह वाहणे. आता नकाशावर खाली या, अ‍ॅरिझोनात नाव्हाहो प्रदेशात चिनली नावाचं गाव आहे. नाव्हाहोत ते 'च्'इनीली', पाणी जिथून बाहेर वाहतं ती जागा. त्यातला शेवटचा नाकातला 'ली' आणि टाझलिनातला 'लेन' एकच धातू. एक बर्फातून येणाऱ्या नदीवर, दुसरं वाळवंटात, आणि दोघांच्या नावात एकच जुना धातू वाहतोय. नाव्हाहोत शब्दाच्या शेवटचा न गळतो आणि स्वर नाकात जातो, मघाशी आन चं आँ झालं होतं ना, तोच नियम. 'या' ची जुळणी आणि ही जुळणी ह्यातला फरक आता बघा, इथे अर्थ जुळतो, नियम जुळतो, आणि धातू क्रियापदात बसायची जागाही जुळते.

गुल्कानातही क्रियापद आहे, फाडण्याचं. काठ फाडत जाणारी नदी असं समजा.

प्रश्न : आत्नाने दुसऱ्या भाषांकडून धातू घेतलेत का? इंग्रजी, रशियन?

रशियनांचा संबंध आला, 19व्या शतकात त्यांचं एक व्यापारी ठाणंही कॉपर नदीवर होतं, ते ह्या लोकांना 'मेदनोव्त्सी' म्हणजे तांबेवाले म्हणत. पण रशियनांना वर सरकता आलं नाही, 1848 मधे सेरेब्रेनिकोव्ह नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी आत्नांनी मारली. अमेरिकन सैन्याचा लेफ्टनंट हेन्री अ‍ॅलन 1885 मधे नदीने वर गेला, तेव्हा कुठे बाहेरच्यांना हे खोरं नीट माहीत झालं. ह्या सगळ्यात रशियनमधून चहासारखे काही शब्द आत्नात आले, पण आली ती नामं. धातू नाही.

कारण सरळ आहे. आपण कुठलंही इंग्रजी क्रियापद उचलतो आणि 'करणे' लावून मोकळे होतो, डिलीट केलं, फॉरवर्ड केलं, अ‍ॅडजस्ट करून घेतलं. आत्नात परक्या शब्दाला धातूच्या जागी बसवायचं तर त्याला एका अक्षराचा आकार हवा, सगळ्या काळांची रूपं हवीत, पुढच्या डब्यांशी जुळवून घ्यायला हवं. कोण एवढे कष्ट घेणार! त्यापेक्षा जुन्या धातूतूनच नवा शब्द करतात. क्रियापदाला शेवटी 'इ' लावला की 'असं करणारी वस्तू', 'एन' लावला की 'असं करणारा माणूस'. संस्कृतातले कृत् प्रत्यय हेच करतात. नाव्हाहोत विमानाला 'उडणारी मोटार' म्हणतात ते ह्याच पद्धतीने.

म्हणून मी म्हणतो की अथाबास्कन भाषांचा इतिहास शोधायचा तर नामांच्या मागे लागू नका. नामं फिरतात, बाजारात जातात, लग्न होऊन दुसऱ्या गावाला जातात. धातू घरातच असतो.

प्रश्न : सायबेरियातल्या एका भाषेशी ह्यांचं नातं सापडलं अशी बातमी वाचली होती. ते तरी खरं का, की तेही योगायोग?

ते तुमच्या 'या' पेक्षा खूपच वरच्या दर्जाचं आहे, पण वाद अजून मिटलेला नाही.

सायबेरियात येनिसेई नदीच्या काठी केट नावाची भाषा आहे, बोलणारे अगदी थोडे उरलेत. तिचं आणि अथाबास्कनचं नातं असावं असं इटालियन अभ्यासक त्रोंबेत्ती ह्यांनी 1923 मधेच म्हटलं होतं, पण तेव्हा ते शब्द शेजारी ठेवण्यापुरतंच होतं. मग एडवर्ड वाजदा ह्यांनी 2008 मधे फेअरबँक्सच्या परिषदेत नीट मांडणी केली आणि 2010 मधे ती कारी आणि बेन पॉटर ह्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आली. वाजदांचा भर शब्दांच्या यादीपेक्षा क्रियापदाच्या बांधणीवर आहे, म्हणजे धातूच्या पुढे कुठला अवयव कुठल्या जागी बसतो, काळ सांगणारे तुकडे कुठे आहेत, ही रांग दोन्हीकडे कशी जुळते ह्यावर. सोबत ध्वनींचे नियम आणि समान शब्दही दिलेत. लाइल कॅम्पबेल ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली की नियम पुरेशा उदाहरणांवर उभे नाहीत.

माझं विचाराल तर क्रियापदाची रांग जुळणं ही जास्त वजनदार गोष्ट वाटते, कारण इतकी विचित्र रचना दोनदा आपोआप तयार होणं अवघड, पण टीकाकारांचं म्हणणं उडवून लावण्यासारखंही नाही. जवळच्या नात्याबद्दल मात्र शंका नाही. अथाबास्कनची चुलत बहीण एयाक, ती कॉपर नदीच्या मुखाशीच बोलली जायची, तिच्या शेवटच्या भाषिक मेरी स्मिथ जोन्स 2008 च्या जानेवारीत गेल्या. आणि एयाकच्याही पलीकडे त्लिंगिट, आणखी दूरची नातेवाईक भाषा. आत्नाचे धातू जुने करत न्यायचे तर हाच क्रम, आधी शेजारच्या अथाबास्कन भाषा, मग एयाक, मग त्लिंगिट, आणि त्यानंतर हिंमत असेल तर येनिसेई, म्हणजे केटचं कुळ.

प्रश्न : आता आत्ना बोलतं कोण? लिहितात कसे?

लहानपणापासून बोलणारे फार थोडे उरलेत आणि ते वयस्कर आहेत. लिपी रोमन, खास अक्षरचिन्हांसह. मेंटास्टाच्या बोलीसाठी वर्णमाला तयार करायला 1970 च्या दशकात मदत करणाऱ्यांत केटी जॉन ह्या आजी होत्या. अमेरिकेत त्यांचं नाव जास्त माहीत आहे ते मासेमारीच्या खटल्यामुळे. बात्झुल्नेटास ह्या त्यांच्या जुन्या जागी सामन मासे पकडायला सरकारने बंदी केली म्हणून त्यांनी 1985 मधे कोर्टात दाद मागितली आणि ते प्रकरण पुढे कितीतरी वर्षं चाललं. 2001 मधे तेव्हाचे गव्हर्नर टोनी नोल्स स्वतः त्यांच्या मासेमारीच्या तळावर जाऊन भेटले आणि त्यानंतर राज्याने पुढे अपील करायचं सोडून दिलं. आजी 2013 मधे वारल्या, वय 97. पुढच्याच वर्षी, 2014 मधे, अलास्काने वीस मूळ भाषांना राज्याच्या अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली, त्यात आत्ना आहे. कागदावर मान्यता आणि घरात बोलणं ह्यात अंतर असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : 'क्लासिफायर' म्हणजे काय? शोधलं तर काहीच्या काही येतं.

धातूच्या लगेच आधी एक छोटा अवयव असतो, चार पर्याय, एक तर काहीच नाही, नाहीतर ल्, द, किंवा साधा ल. नाव क्लासिफायर असलं तरी तो कशाचंही वर्गीकरण करत नाही, जुनं चुकीचं नाव चिकटलंय आणि आता कोणी काढत नाही. मघाशी आकाराप्रमाणे धातू बदलतात म्हटलं त्याच्याशी ह्याची गल्लत करू नका, बरीच मंडळी करतात. ल् चं एक काम आपल्या उकळणे-उकळवणे मधल्या 'व' सारखं, नाव्हाहोत 'यिबेझ' म्हणजे ते उकळतंय, 'यिल्बेझ' म्हणजे तो ते उकळवतोय. आत्नातही तोच प्रकार. फक्त तिथे काही धातूंना ल् कायमचाच लागतो, उकळवणारा कोणी नसला तरी.

प्रश्न : तो 'ल्' म्हणायचा कसा? मी आणि मुलगी दोन दिवस प्रयत्न करतोय.

ल म्हणायला जीभ जिथे टेकवता तिथेच टेकवा. आता आवाज बंद करा, घसा अजिबात कंपायला नको, आणि जिभेच्या दोन्ही कडांनी नुसती हवा सोडा. स आणि ल च्या मधलं काहीतरी ऐकू येईल. घशावर बोट ठेवून बघा, थरथर जाणवली तर तो साधा ल झाला. शब्दाच्या शेवटी, 'याल्' मधे, मुलीला लवकर जमेल, तुम्हाला थोडा वेळ लागेल.